डिकीतला आवाज

अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन सकाळी साडेनऊला होतं. त्यांना दवाखान्यात न्यायचं कुणी, यावर त्यांच्या दोन्ही जावयांत आठवडाभर फार गोड भाषेत भांडण चाललं होतं. थोरला जावई वेल्डर, स्वतःच्या शेडमध्ये गेटं आणि ग्रिलं करायचा. धाकटा बँकेत मॅनेजर. "तुम्ही कशाला त्रास घेता," असं दोघं एकमेकांना इतक्यांदा म्हणाले की शेवटी अण्णाच वैतागले.

"जाताना मॅनेजरसाहेबांच्या गाडीतून जातो. नवी आहे, धक्के बसत नाहीत. मग ते तसेच बँकेत जातील. येताना थोरल्याच्या गाडीतून येतो. मिटलं?"

मिटलं कसलं! जाताना वेल्डरच्या वाट्याला आल्या अण्णांच्या पिशव्या. चादर, उशी, थर्मास आणि औषधांची फाइल मागच्या सीटवर टाकून तो आपली बारा वर्षांची गाडी नव्या गाडीच्या मागे हाकत होता. समोरच्या काचेतून त्याला अण्णांचं डोकं तेवढं दिसत होतं, मॅनेजरच्या बाजूला कललेलं. काहीतरी सांगत होते. हसतही असावेत.

साडूंचं नातं मोठं अवघड. सख्खा भाऊ असता तर लहानपणी एकदा तरी धरून बुकलला असता. परका असता तर ओळखच ठेवली नसती. इथे मांडीला मांडी लावून जेवावं लागतं, आणि सासूबाई आधी कुणाच्या ताटात वाढतात ते न बघितल्यासारखं बघावं लागतं.

वर्षापूर्वीपर्यंत अण्णांच्या घरी नळ गळला, दार फुगलं, पंखा कुरकुरला की बोलावणं वेल्डरला यायचं. मग मॅनेजरने ती मोठी पांढरी गाडी घेतली. पस्तीस वर्षं ट्रकचं गॅरेज चालवलेले अण्णा पाव तास तिच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे राहिले आणि म्हणाले, "वा! काय गाडी आहे!" वेल्डरच्या गाडीला ते आयुष्यात एकदाही 'वा' म्हणाले नव्हते. "क्लच बघून घे," म्हणाले होते. तेव्हापासून त्याच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही थांबलं नव्हतं.

मात्र मॅनेजरकडे नसलेली एक वस्तू त्याच्याकडे होती. गॅरेज बंद केलं तेव्हा अण्णांनी सगळी हत्यारं विकली, फक्त एक हायड्रॉलिक जॅक ठेवला. बाटलीएवढा बुटका, रंग उडालेला, पण पाच टन उचलणारा. तो वेल्डरच्या हातात देऊन ते म्हणाले होते, "मुलगा असता तर त्याला दिला असता. तू आहेस." तो जॅक तेव्हापासून डिकीत होता. वेल्डर तो मुद्दाम बांधून ठेवत नसे. गतिरोधक आला की मागे खण्णकन वाजायचं आणि ह्याला बरं वाटायचं.

वस्ती संपून मोकळा रस्ता लागला, आणि नव्या गाडीचं मागचं डावं चाक बसत चाललेलं वेल्डरला दिसलं. मॅनेजरच्या अजून ध्यानात आलं नव्हतं. हॉर्न वाजवायचा तो वेल्डरने जरा उशिराच वाजवला.

दोन्ही गाड्या रस्त्याच्या कडेला मातीत उतरल्या. अण्णांना हाताला धरून झाडाखालच्या दगडावर बसवलं. एक डोळा कधीचाच गेलेला, दुसऱ्यावर मोतीबिंदू. त्यांना समोर नुसत्या सावल्या हलताना दिसत असणार.

मॅनेजरने डिकी उघडली आणि गाडीबरोबर आलेला जॅक काढला. तो अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच होता. एवढी टोलेजंग गाडी आणि जॅक म्हणजे कात्रीसारखा उघडणारा पत्र्याचा तुकडा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! वेल्डरच्या मनात उकळ्या फुटल्या. इतकं प्रसन्न त्याला वर्षभरात वाटलं नव्हतं.

"जमेल ना साडूभाऊ?" त्याने विचारलं.

"न जमायला काय झालं? पुस्तकात सगळं दिलंय."

मॅनेजरने इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या, पान्यावर उभं राहून नट सैल केले आणि जॅक लावला. दांडा वितभर. अर्धा फेरा फिरवला की जमिनीला टेकायचा, मग काढा, पुन्हा अडकवा. बोटांची सालटी निघाली. गाडी बोटभर उचलली की जॅक तेवढाच मातीत रुतायचा. एक फळी खाली घातली असती तर रुतला नसता, हे वेल्डरला पहिल्याच फेऱ्याला कळलं होतं. तो हाताची घडी घालून उभा राहिला. एकदा विचारू दे, एवढंच त्याचं म्हणणं होतं. 'दादा, मला जमत नाही' असं एकदा अण्णांच्या देखत म्हणू दे, की काढलाच जॅक. अण्णांना ऐकू जायला हवं, बस.

पण मॅनेजरही हट्टी. नऊ वाजले. कसंबसं पंक्चर झालेलं चाक निघालं, आणि मग खरी गंमत कळली. बसलेलं चाक काढण्यापुरती गाडी वर आली होती. हवा भरलेलं चाक चढवायला आणखी दोन बोटं जागा हवी होती. आणि जॅक संपला होता.

"काय रे थोरल्या," अण्णांनी दगडावरून विचारलं, "तुझ्या गाडीत आहे का काही?"

वेल्डरच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. आता दिला तर अण्णांनी मागितला म्हणून दिल्यासारखं होणार. मॅनेजरची मान वरच राहणार.

"माझ्या गाडीत काय असणार अण्णा? तुमच्या पिशव्या आहेत."

अण्णांनी नुसती मान हलवली.

मॅनेजर आता जॅक आणखी ताणायला खाली वाकला, पार गाडीखाली हात घालून. ते मात्र वेल्डरला बघवेना. जळत असला तरी होता कारागीर. काढलेलं चाक त्याने पायाने ढकलून गाडीखाली सारलं. "हात काढा आधी!" तो ओरडला. मॅनेजरने हात मागे घेतला आणि जॅक कलंडला. गाडी धाडकन त्या चाकावर येऊन बसली.

मॅनेजर मातीत बसकण मारून आपल्या हाताकडे बघत राहिला. चेहरा पांढराफटक. ते बघून वेल्डरच्या उकळ्या जागच्या जागी थिजल्या. तो धावत गेला आणि डिकीतून जॅक आणि एक फळी घेऊन आला.

"आत्ता आठवलं बघा," तो म्हणाला, कुणाकडेच न बघता.

त्यानंतर चार मिनिटं लागली. फळी, जॅक, दांड्याचे दहा-बारा झटके, आणि गाडी अलगद वर. चाक बसलं, नट आवळले गेले. मॅनेजरने रक्ताळलेल्या बोटांनी वेल्डरचा हात धरला. "दादा, तुम्ही नसता तर आज हात गेला होता माझा. तुमच्यासारखं मन पाहिजे." वेल्डरला हात सोडवून घ्यावासा वाटला.

अण्णा उठून चाचपडत जवळ आले. "तो जॅक त्यांच्या डिकीत ठेव," ते म्हणाले.

"आत्तापुरता?"

"कायमचा. त्यांच्याकडे धड जॅक नाही."

दवाखान्यात पोचेपर्यंत नंबर गेला होता. अण्णा दोन वाजेपर्यंत बाकावर बसून होते. वेल्डर शेजारी बसून आतल्या आत धुमसत होता. कौतुक त्याचं, गाडी त्याची, आता जॅकही त्याचा! आणि आपण वर्षानुवर्षं ह्यांचे नळ बसवले.

संध्याकाळी डोळ्याला पट्टी बांधलेल्या अण्णांना घेऊन तो निघाला. पहिला गतिरोधक आला. चाकं वर चढली, खाली उतरली. मागे काहीच वाजलं नाही. त्याला राहवेना.

"माझा जॅक त्यांना का दिलात अण्णा? तुम्हीच म्हणाला होतात ना, मुलगा असता तर..."

"म्हणालो होतो." अण्णांनी पट्टीवरून हलकेच हात फिरवला. "सकाळी मला दिसत नव्हतं रे. ऐकू येत होतं. तू गाडी मातीत उतरवलीस तेव्हा तो मागे वाजला. पस्तीस वर्षं हाताखालचं हत्यार, आवाज ओळखणार नाही का मी?"

वेल्डरने उगाच गिअर बदलला. तो म्हणाला, "मग तेव्हाच बोलायचं होतं."

"विचारलं होतं ना तुला," अण्णा म्हणाले.

घर येईपर्यंत अजून चार गतिरोधक होते. अण्णांना धक्का बसू नये म्हणून वेल्डरने चारही अगदी हळू घेतले.