डावा हात

"येतंय त्यानं उजवा हात. येत न्हाई त्यानं डावा. पर हात सगळ्यांचा वर पायजे, कळलं का? परीक्षक सर मागं बसणारेत. एकाचाबी हात खाली दिसला न्हाई पायजे."

मनीषा नववीच्या 'ब' तुकडीला हे समजावत होती, तेव्हा शिवकन्या फळ्याशेजारी सह्याद्रीचा तक्ता टांगत होती. परीक्षकासमोर वर्ग शिकवून दाखवायची वार्षिक पाठ परीक्षा होती शिवकन्येची आणि धावपळ मनीषाची. बी.एड.च्या वर्गात शिवकन्येला 'ताई' म्हणणारी मनीषा पहिली. बाकीच्या पोरी आधी 'काकू' म्हणायच्या, आणि त्यांच्या मते तो मानच होता.

पोरांना यात नवं काही नव्हतं. शाळा तपासायला साहेब आला की हेच चालायचं.

"आन् बाई फक्त उजव्यालाच इचारणार," मनीषा म्हणाली. "म्हंजी डाव्यावाल्यांनी भ्यायचं काम न्हाई."

शेवटच्या बाकावरच्या मुलीनं लगेच डावा हात वर करून पाहिला. बबिता तिचं नाव. दिवाळीच्या आधी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती, ती परवा परतली. हात वर करताना ती हसली. न विचारलेल्या प्रश्नातून सुटका झाल्यासारखी हसली.

शिवकन्येनं ठोकलेला खिळा वाकडा गेला.

तिची स्वतःची शाळा अशीच झाली होती. नांदूरघाटच्या बाजूचं तिचं गाव, दरसाल ऊसतोड, आणि परत आलं की शेवटचा बाक. "माझी दहावी डाव्या हातानं झाली," असं ती हसून सांगायची. लग्नानंतर बारावी बाहेरून केली, बी.ए.ही बाहेरूनच. ऊसतोडीच्या खोपीत चूल पेटेपर्यंत वाचायचं आणि पेटली की पुस्तक धुरापासून लांब ठेवायचं, असा अभ्यास. मग चाळिशीला आल्यावर विद्यापीठाच्या बी.एड.ची प्रवेश परीक्षा पास होऊन ती तालुक्याच्या कॉलेजात दाखल झाली. मात्र गेल्या वर्षी पाठ परीक्षेत ती नापास झाली होती. तोंडातून 'हाय' आणि 'न्हाई' निसटलं, आणि ते सावरता सावरता पाठच सांडला.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. तिच्या शिक्षणापायी तिचा नवरा शहादेव अर्धा कोयता म्हणून जात होता आणि टोळीतल्या लोकांचं हसणं खात होता. आज निघताना तो म्हणाला होता, "औंदा पास झालीस तर मास्तरीण. न्हाई तर दसऱ्याला माज्यासंगं फडात. मला अर्धा कोयता म्हणवून घ्यायचा वीट आलाय."

"आन् मला तुजा दुसरा अर्धा व्हायचा," असं बोलून ती बाहेर पडली होती. बोलायला सोपं होतं.

विजयसिंह सर वर्गात आले. कॉलेजातले तिचे मार्गदर्शक, पांढरा कडक शर्ट, मनानं वाईट नाहीत, पण निकालाची टक्केवारी त्यांना पोटच्या पोरापेक्षा लाडकी. ते हळूच म्हणाले, "शिवकन्याबाई, उजवीकडचे दोन बाक हुशार पोरांचे आहेत, 'अ' तुकडीतून आणून बसवलेत. त्यांनाच विचारा. मूल्यमापनाचे प्रश्न, गृहपाठ, सगळं वेळेत. कुठं थांबायचं नाही."

"आन् ती मागची?"

"ती राहू द्या. वर्ग भरलेला दिसतो."

घंटा झाली. बाहेरगावचे परीक्षक अर्जुनराव सर मागच्या खुर्चीवर बसले आणि चष्मा पुसून त्यांनी पेनाचं टोपण काढलं. प्रस्तावना छान झाली. 'आहे' आणि 'नाही' जागच्या जागी पडलं. विजयसिंह सरांची मान डोलू लागली.

"सह्याद्रीच्या पलीकडे धो धो पाऊस पडतो," शिवकन्येनं विचारलं, "मग आपल्या बीडकडे कमी का?"

सगळे हात वर. पहिल्या बाकावरच्या अंगदचा उजवा हात तर तिच्या नाकाला लागायचा बाकी होता. अंगदला विचारलं की उत्तर येणार, पाठ पुढं सरकणार, दसरा घरी होणार.

"बबिता."

बबितानं आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. चुकून भलताच तर वर गेला नाही? मग तिनं तोच हात आणखी उंच केला.

"बाई, डावा हाय."

मागं विजयसिंह सरांना ठसका लागला. अर्जुनरावांचं पेन थांबलं.

"दिसतोय मला," शिवकन्या म्हणाली. "म्हणूनच इचारते."

गेलं. 'इचारते' निघून गेलं तोंडातून. तिनं ते मागं घेतलं नाही.

बबिता उभी राहिली. खाली बघत ती पुटपुटली, "तिकडची लोकं मोठी हायेत म्हणून."

वर्ग खदखदून हसला. बबिताचे कान लाल झाले. शिवकन्येनं खडू घेतला आणि ते उत्तर फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं. हसू थांबलं.

"आता बघू खरं का खोटं. पाऊस माणसं बघून पडतो का?"

"न्हाई."

"मग काय बघून पडतो?"

बबिता फळ्यावरचं स्वतःचं उत्तर पुन्हा वाचू लागली. शिवकन्येनं तिला वाचू दिलं. विजयसिंह सरांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं. तिला ते दिसलं.

"बबिता, गाडी भरताना उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळी कोण चढतं?"

"आई चढती. मी खालून देते."

"चढताना कशी चढती आन् उतरताना कशी उतरती?"

"चढताना दम लागतोय. वर मोळी टाकती. उतरताना डोक्यावर कायबी नसतंय."

शिवकन्येनं तक्त्यावरच्या ढगावर काठी ठेवली आणि ती सह्याद्रीच्या चढावरून सावकाश वर नेली. माथ्यावर थांबली. मग पूर्वेच्या उतारावरून खाली आणू लागली. बबिता बाक सोडून पुढं आली. कुणी बोलावलं नव्हतं. तिनं उताराच्या पायथ्याशी बोट टेकवलं.

"म्हंजी बाई, आपुन उतरायच्या बाजूला हाव?"

तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. अर्धा तक्ता राहिला, मूल्यमापन राहिलं, गृहपाठही राहिला.

व्हरांड्यात विजयसिंह सर तिची वाटच बघत होते. "पायावर धोंडा मारून घेतलात! आणि परीक्षकांदेखत डावा-उजवा उघडा पाडलात. उद्या दुसऱ्यांचे पाठ आहेत, त्यांनी काय करायचं?"

"सर, येतंय त्यांला शिकवायला मास्तर कशाला पायजे? त्यांला येतंयच की."

"आधी पास व्हा. नोकरी लागली की करा काय करायचं ते."

"आज परीक्षकाला भ्यायचं, नोकरीत साहेबाला भ्यायचं. मग करू कधी, सर?"

अर्जुनराव बाहेर आले. "बाई, मूल्यमापन नाही, गृहपाठ नाही. त्याचे गुण मला देता येणार नाहीत."

"नका देऊ, सर."

"भाषाही मधेच घसरली."

"ती घसरली न्हाई, सर. घरी आली."

अर्जुनरावांनी पुन्हा चष्मा पुसला. "काठावर आहात. एवढंच सांगतो."

"काठाच्या ह्या बाजूला का त्या?"

त्यांनी वर्गाकडे पाहिलं. बबिता अजून तक्त्यासमोरच उभी होती. "ह्या," ते म्हणाले, आणि चहा कुठं मिळतो ते विचारत निघून गेले.

तिनं शहादेवला फोन लावला.

"काठावर पास."

"म्हंजी मी औंदाबी अर्धाच?"

"कोयता अर्धा असंल. तू पुरा हायेस."

"लई बोलायला शिकवलंय त्या कॉलेजानं," तो म्हणाला. पण फोन त्यानं लगेच ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच वर्गावर मनीषाचा पाठ होता. शिवकन्या निरीक्षणाला मागं बसली, परीक्षक आणि विजयसिंह सर शेजारी. पहिला प्रश्न आला, सगळे हात वर गेले, आणि बबिताचा चक्क उजवा. मनीषाला हायसं वाटलं. ताईच्या कालच्या पाठानं पोरगी तयार झाली म्हणायची.

"बबिता, सांग बरं."

बबिता उठली. "येत न्हाई, बाई."

"मग उजवा हात कावून वर केलास?" घाबरून मनीषाही घरच्या बोलीत आली.

"डाव्याला कुणी इचारत न्हाई. कालच्या बाई सोडून."

कुणी हसलं नाही. खिडकीजवळच्या एका पोरानं डावा हात खाली घेतला आणि उजवा वर केला. मग त्याच्या मागच्या मुलीनं. बघता बघता वर्गभर उजवेच हात झाले. कुणाला येतंय आणि कुणाला नाही, काही कळेना. विजयसिंह सर खिडकीबाहेर बघू लागले.

मनीषानं एकदा मागं बसलेल्या ताईकडे पाहिलं. शिवकन्येनं कसलीच खूण केली नाही. हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली.

मग मनीषानं पाठाचं टाचण मिटून टेबलावर ठेवलं, आणि ती शेवटच्या बाकाकडे चालत आली.