हैबती दमत नाही

दर्शनाचे डोळे दुपारपासून चुरचुरत होते, आणि हैबती मात्र ताजातवाना. हैबती म्हणजे तिच्या कॉम्प्युटरमधला माणूस. खरा कामगार किती वाकतो, मान किती वळवतो, ते आधी या बाहुल्यावर तपासायचं. नाव कारखान्याच्या कंट्रोल रूममधल्या पोरांनी ठेवलेलं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये म्हणे त्याच्या डोक्यावरचा ताणही कळणार होता; ताण कमी असला की डोकं हिरवं दिसायचं. तो कितपत खरा, हे सांगायचं काम दर्शनाचं. डोकं हिरवं राहिलं, की रात्रपाळीला यंत्रांवर नजर ठेवायच्या दोन पॅनलवर एकच माणूस बसवायचा, असं साहेबांनी ठरवून टाकलं होतं. तो माणूस म्हणजे बिरवाडीचे नागसेनदादा.

आठवडाभर डोकं हिरवंगार होतं. आज रिपोर्ट पाठवायचा, उमरठला घरी जायचं आणि नुसतं झोपायचं, एवढीच तिची इच्छा उरली होती. तरी शेवटचं म्हणून ती दादांच्या शेजारी जाऊन बसली.

पॅनलवर इशाऱ्याची ओळ झळकली, भोंगा वाजला. दादांचा हात बटणावर गेला, भोंगा बंद. परत वाजला, परत बंद. कशाचा होता, असं तिने विचारलं.

“वाचलंय कोणी? दिवसभर बोंबलतो तो. हात आपला जातो, डोक्याला विचारीत नाय.” मग दादा थकल्यासारखे हसले. “तुमचा हैबती वाचतो ना सगळं? मग त्यालाच बसवा रात्रीचा.”

तीही हसली. जागेवर येऊन तिने हैबतीला सुरू केलं. नेहमीची पिवळी चौकट वर आली, तिचं बोट नेहमीसारखं ‘ओके’वर गेलं, चौकट गेली.

 काय लिहिलं होतं त्या चौकटीत? रोज येत होती की ती.

तिने पुन्हा सुरू केलं आणि या वेळी हात मांडीखाली दाबून धरला. भोंग्यांची माहिती भरलेली नाही, म्हणून डोक्यावरचा ताण शून्य धरला आहे, असं चौकट सांगत होती.

म्हणजे हैबतीचं डोकं हिरवं नव्हतं, रिकामं होतं.

तिने साहेबांना फोन करून हे सांगितलं, तसे ते रागावून बरंच बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं.

“साहेब, ती सूचना मीच न वाचता बंद करत होते. तपासणारीचं हे, तर दोन पॅनलवाल्याचं काय होईल? हिरवा शेरा नाही देता येणार.”

मग आईला फोन करून, आज येत नाही, जेवायला थांबू नको म्हणाली. डोळ्यांवर पाणी मारलं, आणि सॉफ्टवेअरमधली भोंग्यांच्या माहितीची कोरी जागा उघडून बसली.

पलीकडे भोंगा वाजला आणि लगेच बंद झाला. तिने तोच भोंगा पहिला भरला.