फवारणीच्या इंजिनाचं विमान

नागपुरात मॉडेल विमानं उडवणाऱ्यांचा एक क्लब होता आणि त्यातला एकही माणूस चंद्रभान धकातेला पसंत नव्हता. चंद्रभान पॉलिटेक्निकमध्ये यंत्ररेखन शिकवायचा, नंदनवनात दोन खोल्यांत एकटा राहायचा आणि रविवारी उमरेड रोडच्या माळावर जाऊन लोकांच्या विमानांना नाक मुरडायचा. क्लबातली सगळी विमानं परदेशी नकाशांवरून उतरवलेली. लहान, जड, आणि मजबुतीच्या नावाखाली अंगभर लाकूड ठोकलेली.

"हे उडून नाही राहिलं," एखाद्याचं विमान घरघरत वर चढलं की तो म्हणायचा, "पडायचं पुढं ढकलून राहिलं."

सगळ्यात जास्त राग त्याला श्रीधरचा यायचा. श्रीधर इतवारीतल्या कापडवाल्याचा मुलगा, तिशीच्या आतला. विमान जमिनीवरून चालवायचा, त्याच्या काकांनी परदेशातून आणलेला उत्तम रेडिओ संच त्याच्याजवळ होता. विमानाच्या पंखाचा आकार तसाच का असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. पण हातात संच आला की तो विमान उलटं करून माणसाच्या उंचीवर आणायचा आणि माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तसंच न्यायचा. असली करामत असल्या डोक्याला का मिळावी, याचाच चंद्रभानला संताप होता. त्याचे स्वतःचे हात संच धरला की थरथरायचे.

श्रीधरही त्याला ओळखून होता. "धकाते सर कागदावरच टेकऑफ घेतात," तो सगळ्यांदेखत सांगायचा, "न् कागदावरच लँडिंग करतात."

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर चंद्रभाननं मोठं विमान बनवायला घेतलं. पंखांची लांबी दीड पुरुष, म्हणजे नऊ फूट. कपाशीवर औषध मारायच्या पाठीवरच्या पंपाचं पेट्रोल इंजिन सोलून, घासून हलकं केलेलं. सांगाड्याला महागडं परदेशी लाकूड नव्हतं, काटेसावरीचं होतं, तेही मधून कोरून जाळीसारखं केलेलं. थर्मोकोलचे पंख तापल्या तारेनं कापलेले आणि अॅल्युमिनियमच्या नळीवर बसवलेले. बसमध्ये न्यायचं तर उपसून वेगळे करता येत. पंख सरळ शरीराच्या मधोमध, वर उचललेले नाहीत, कारण या विमानाला उलटं आणि सुलटं सारखंच वाटायला हवं होतं. मागचं उभं सुकाणू इतकं मोठं, की एखाद्या घराची खिडकी वाटावी. पंखांवर चढवायचं रेशीम त्याच्या आईनं, रुख्माबाईनं, उमरेडला स्वतःच्या मागावर विणलं.

"इतकं चांगलं रेशीम," कापड हाती देताना ती म्हणाली, "न् त्याले तू रंग फासणार. मायबाई, नेसलं तर तीस वर्स टिकलं असतं!"

विमान तयार झालं आणि ते उडवायला माणूस नव्हता. म्हणजे होता, एकच. चार रविवार विमान घरीच पडून राहिलं. मग दात-ओठ खात इतवारीतल्या दुकानात गेला.

"तुझा रेडिओ पायजे," तो म्हणाला.

"न् हात?" श्रीधरनं गिऱ्हाइकासमोर कापडाची घडी मोडता मोडता विचारलं.

"हातही."

"काहून? मले तर काही समजत नाही ना विमानातलं. तुमीच म्हणता."

"समजत नाहीच. समजायची गरजही नाही. मी सांगीन तसं उडव."

श्रीधर हसला, पण रविवारी आला. विमान बघून त्यानं आधी शिट्टी वाजवली आणि लगेच तोंड वाकडं केलं. नाक वर-खाली करणाऱ्या मागच्या आडव्या फळीचे दोन भाग दोन वेगळ्या मोटरींनी चालत होते. "एकीनं काम होते तिथं दोन? वा सर, वजन कमी करायले निघाले न् शेपटीवर बोजा बांधला."

"तू फक्त संचावरच्या काड्या हालव," चंद्रभान म्हणाला.

श्रीधरनं काडी पुढं सारली आणि विमान धावायला लागलं. ते एवढं मोठं असून धावलं-न-धावलं तोच जमीन सोडून गेलं. गिरक्या सावकाश आणि स्वच्छ, जसा एखादा शहाणा माणूस कुशीवर वळावा. उलटं केलं तर उलटंच राहिलं. पण एका कुशीवर उभं धरून न्यायची वेळ आली, एक पंख आभाळाकडे, एक जमिनीकडे, तेव्हा श्रीधर ओरडला, "सर, हे पोटाकडं ओढून राहिलं!"

"तुझा हात ओढून राहिला."

"माझा हात? तुमचं जहाज वाकडं आहे."

पुढचे कितीतरी रविवार हेच भांडण. क्लबातले लोक चहाचे थर्मास घेऊन ते ऐकायला जवळ यायचे. चंद्रभान चारचौघांत त्याला अडाणी म्हणायचा, श्रीधर त्याला मास्तर म्हणायचा, आणि त्याच्या तोंडी तो शब्द शिवीसारखा वाटायचा.

पण घरी चंद्रभाननं नकाशा पुन्हा पसरला आणि त्याचा चेहरा उतरला. जुन्या विमानांच्या सवयीनं त्यानं मागची आडवी फळी पंखाच्या रेषेपेक्षा वर बसवली होती. ज्यांना तो आयुष्यभर हसला त्यांचीच खोड त्याच्या पेन्सिलीत शिरली होती. त्यानं करवत घेतली, शेपूट कापली आणि फळी पंखाच्या रेषेत आणून पुन्हा चिकटवली. श्रीधरला एका शब्दानं सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी श्रीधरनं विमान कुशीवर घातलं. ते ताठ, सरळ रेघेत माळभर गेलं. तो संचावरची नजर न काढता म्हणाला, "आज माझा हात सुधरला वाटते."

"वाटते," चंद्रभान म्हणाला. 

मार्चमध्ये क्लबाचे अध्यक्ष गणपतराव यांनी प्रात्यक्षिक ठेवलं. गणपतराव सेवानिवृत्त अधिकारी. मंडप, हार, पाहुणे आणि त्यांचं भाषण. भाषणात त्यांनी सांगितलं की हे भव्य विमान क्लबाच्या मार्गदर्शनाखाली, परदेशी आराखड्यावरून साकारलं आहे. चंद्रभाननं मान वळवली, तर श्रीधर त्याच्याकडेच बघत होता. त्या दोघांना एकाच वेळी एकाच माणसाचा तिटकारा आला होता, आणि तो तिटकारा इतका निखळ होता की क्षणभर त्यांना एकमेकांवरच्या रागाचा विसर पडला.

विमान वर गेलं. उलट्या फेरीनंतर श्रीधरनं ते वर ओढलं आणि ते अचानक एका बाजूला कलंडलं. "मागं काहीतरी तुटलं," तो हळूच म्हणाला. मागच्या फळीचा डावा भाग सुटून वाऱ्यावर फडफडत होता. उजवा आपल्या वेगळ्या मोटरीवर अजून हुकुमात होता.

"अर्धीच उरली," चंद्रभान त्याच्या कानाशी म्हणाला. "ओढशील तेव्हा कलेल. ओढायच्या आधी पंखानं उलट बाजूला सावर."

"समजलं."

"हळू ओढ."

"सर, आता चूप राहा!"

 श्रीधरनं इंजिन मंद केलं. विमान मंडपावरून खाली आलं तशी लोकांनी खुर्च्या सोडल्या आणि गणपतराव हारासकट टेबलाखाली वाकले. प्रत्येक हलक्या ओढीबरोबर विमान कलायचं आणि प्रत्येक वेळी श्रीधर ते आधीच सावरून धरायचा. ते एका चाकावर टेकलं, उडी मारली, मग दुसरं चाक टेकलं आणि धूळ उडवत थांबलं.

श्रीधरनं संच खाली ठेवला. त्याची बोटं थरथरत होती. चंद्रभाननं ती पाहिली आणि पहिल्यांदा त्याला काही टोचून बोलावंसं वाटलं नाही.

पाहुणे टाळ्या वाजवत होते. गणपतराव सावरून, कपडे झटकत आले. "हा आराखडा आता क्लबाच्या नावे छापू. चंद्रभान, तुमचं नाव साहाय्यक म्हणून येईलच."

"आराखडा माझा आहे," चंद्रभान म्हणाला. "न् हे विमान या माळावर शेवटचं उडालं."

"असं कसं? क्लबाच्या मैदानावर…"

"तुमाले उडवण्याशी काय करायचं गणपतराव," श्रीधर मध्येच म्हणाला, "तुमी टेबलाखालून पाहा."

दोघांनी पंख उपसले. श्रीधरनं शरीर खांद्यावर घेतलं, चंद्रभाननं पंख काखेत धरले आणि कुणाचा निरोप न घेता ते रस्त्याकडे निघाले.

पुढच्या रविवारपासून ते भिवापूरच्या वाटेवर एका पडीक वावरात उडवू लागले. तिथं बघायला कुणी नव्हतं, त्यामुळे भांडण मात्र मनसोक्त व्हायचं. नव्या विमानाचा कागद पसरून श्रीधर म्हणायचा, "हे सुकाणू आणखी मोठं करा ना, सर." चंद्रभान म्हणायचा, "तुले कोणी सांगितलं?" आणि मग पेन्सिल काढून मोठं करायचा.