हातगुणाचं फर्मवेअर

दाजींच्या गॅरेजबाहेर सकाळपासून रांग लागली होती. झेरॉक्सवाले, सायकलवाले, दातांचे डॉक्टर, सगळे आपापलं यंत्र तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून उभे. ही यंत्रं अहोरात्र आकडेमोड करतात आणि त्याबदल्यात मालकाला डिजिटल नाणी मिळतात. आत ‘गुरुजी’ दाजींच्या यंत्रांत नवं फर्मवेअर घालत होते. म्हणजे कंपनीची मूळ आज्ञावली काढून स्वतःची.

“चिपचा स्वभाव ओळखावा लागतो,” एका यंत्रावर तळहात ठेवून गुरुजी डोळे मिटून म्हणाले. “ही जरा रुसलीये. व्होल्टेजने गोंजारतो.”

लॅपटॉपवर यंत्राचं पान उघडं होतं. त्यातला वेगाचा आकडा चढत चढत दुप्पट झाला. टाळ्या पडल्या. दातांच्या डॉक्टरांचे तर डोळे पाणावले.

“फक्त एक पथ्य,” गुरुजींनी बोट उंचावलं. “ट्यूनिंग मुरेपर्यंत पूलचं पान बघायचं नाही. यंत्र बिथरतं.”

पूल म्हणजे अनेकांची यंत्रं एकत्र राबवून, प्रत्येकाचं काम मोजून वाटा देणारा गट. यंत्रं इतकी लाजाळू असतात हे मला नव्यानेच कळलं.

दाजी मात्र हवेत होते. शेजारच्या खोलीत माझी ताई मुलांना विज्ञान शिकवते. ती खोली रिकामी करून तिथेही यंत्रं लावायचं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. बाकं उचलायला माणसंही आली होती. मला ताईचं वाईट वाटत होतं आणि दाजींचा राग येत होता.

तेवढ्यात ताईच हात झटकत आत आली.

“अहो, व्होल्टेज नीट लावलं तर थोडाफार फायदा होतो, मान्य. पण दुप्पट काम, आणि खोली तापते मात्र पूर्वीइतकीच?”

“तुला यातलं कळत नाही,” दाजी म्हणाले. “गुरुजींचा हातगुण आहे तो.”

“मग बघूच. गेल्या आठवड्यात ट्यून केलेलं यंत्र कुठलं? त्यात चिपच्या तीन पाट्या आहेत ना? एक काढते. आकडा तिसऱ्या हिश्शाने उतरायला हवा.”

“अहो बाई, पाटी घाबरेल!” गुरुजी आडवे आले.

“घाबरू दे. माझी मुलंही घाबरतात, पण उत्तर देतात.”

ताईने यंत्र बंद केलं, एक पाटी काढून टेबलावर ठेवली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. आकडा चढला आणि दिमाखात दुपटीवर जाऊन बसला.

“पाटीची ऊर्जा रेंगाळते थोडी...” गुरुजी पुटपुटले. सायकलवाले फिस्सकन हसले.

मी पथ्य मोडून पूलचं पान उघडलं. पाटी काढण्याआधीच या यंत्राचं काम आठवडाभर घटलेलं होतं. राउटर तपासला, तर यंत्र आपलं काम दोन ठिकाणी पाठवत होतं. एक दाजींचा पूल. दुसरा पत्ता घरात कुणालाच ठाऊक नव्हता.

“हा कुणाचा?” मी विचारलं. गुरुजींनी घाईघाईने लॅपटॉप मिटला. चमत्कार एवढाच होता. फर्मवेअर यंत्राच्या पानावर खोटा आकडा लिहायचं आणि खऱ्या कामातला वाटा मागच्या दाराने गुरुजींकडे पळवायचं.

दाजी ओशाळले. बाहेर जाऊन त्यांनी माणसांना परत पाठवलं आणि बाहेर काढलेलं एक बाक स्वतः उचलून वर्गात नेलं.

“मी उद्यापासून वर्गात बसलो तर चालेल?” त्यांनी हळूच विचारलं.

“चालेल की,” ताई म्हणाली. “पण शंका विचारायच्या. नुसत्या माना डोलावायच्या नाहीत.”

रांगेतल्यांना आणि तुम्हालाही माझं तेवढंच सांगणं आहे. कुणी डोळे दिपवणारा आकडा दाखवला, तर तो दुसरीकडे मोजून बघा. आणि ‘मोजू नका’ असं कुणी म्हणालं, तर आधी मोजा, मग टाळ्या वाजवा.