एवढंच सामान

तिने घडी केलेला टॉवेल पिशवीत ठेवला, पुन्हा बाहेर काढला आणि कपाटात पार मागे सारून टाकला. प्रशिक्षणाला आलेल्यांना टॉवेलसुद्धा तिकडेच देतात, असं तिनेच जेवताना सांगितलं होतं. उन्हाची टोपी आणि वाळूत चालायच्या चपला आधीच बाद झाल्या होत्या. उरले कपड्यांचे दोन जोड आणि दात घासायचा ब्रश.

वहिनी दारात येऊन उभी राहिली. आईंना आंघोळ घालून ती नुकतीच बाहेर आली होती. बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. हातात इस्त्री केलेला ड्रेस होता.

“हा ने. चार लोकांत बसायचं, चुरगळलेलं बरं दिसत नाही.”

“अगं, तू कशाला करत बसलीस?”

“आईंचा डोळा लागला होता, तेवढ्यात उरकून टाकलं. आणि हे काय, एवढंच सामान?”

“दोन दिवसांचा तर प्रश्न आहे,” ती म्हणाली आणि चेन लावण्यात गुंतली. चेन कुठेच अडकली नव्हती.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. नवं मशीन आलंय, त्याचं प्रशिक्षण परगावी आहे, ही थाप तिने एका दमात मारली होती आणि घरात कोणी उलट प्रश्न केला नव्हता. आई अंथरुणाला खिळल्यापासून रात्रीची जागरणं तिच्याकडे होती, दिवस वहिनीकडे. मला नुसतं समुद्रावर जाऊन बसायचंय, हे वाक्य तिने कितीदा तरी मनाशी जुळवलं होतं. पण ते ओठांवर आलं की समोर वहिनी काहीतरी पिळत, पुसत, उचलत असायची. मग ते वाक्य गिळावं लागे.

ती जिथे उतरली त्या समुद्राकाठच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोल्या होत्या. मालकीणबाईंनी पिशवीकडे पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं.

“बाकीचं सामान मागून येतंय का?”

“नाही, एवढंच.”

“आणि बरोबर कोण?”

“मी एकटीच.”

बाईंनी किल्ली हातात दिली, पण लगेच सोडली नाही. “घरच्या कोणाचा तरी नंबर लिहून ठेवावा लागतो, ताई.”

तिने दादाचा नंबर सांगितला. खोटा सांगायचं सुचलंच नाही.

दुपारभर ती पाण्यापासून थोडं अंतर राखून वाळूत बसून राहिली. आत जावंसं वाटत होतं, पण पुसायला काही नव्हतं, आणि एकटीने उगीच भिजायचं म्हणजे काहीतरीच. लोक येऊन गेले. मालकीणबाई दोनदा लांबून डोकावून गेल्या. जेवायला हाक मारली तेव्हा ती “भूक नाही” म्हणाली. उन्हं उतरली तरी ती तिथेच होती. इतका वेळ आपल्याला कोणी कामासाठी हाक मारली नाही, एवढंच तिला जाणवत होतं आणि त्याचा आनंद झाला म्हणून लाजही वाटत होती.

सकाळी ती जिना उतरली, तर खाली बाकावर दादा बसलेला. छापखान्यातून तसाच उठून आलेला. नखांत शाई, डोळे तांबारलेले.

“आईला काही झालं?”

“आई बरी आहे.” त्याने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, लहानपणी पडल्यावर न्याहाळायचा तसं. “तू बरी आहेस ना?”

मालकीणबाई पदराशी चाळा करत पुढे आल्या. “रागावू नका, ताई. मीच फोन केला. मागे एक बाई अशाच आल्या होत्या. एकट्या, सामान नाही, जेवण नाही, दिवसभर पाण्याकडे बघत. त्या परत वर आल्याच नाहीत.”

तिची कानशिलं तापली. आपण मरायला नाही, मजा करायला आलो होतो, हे सांगणं त्या क्षणी जास्त लाजिरवाणं वाटलं.

ती दोघं किनाऱ्यावर आली. दादाने बूट हातात घेतले, पॅन्ट दुमडली.

“मला फक्त दोन दिवस बसायचं होतं रे,” शेवटी तीच म्हणाली. “बाकी काही नाही.”

“बरं.”

“ओरड तरी.”

“रात्रभर गाडीत नको नको ते मनात येत होतं. आता ओरडायचं त्राण नाही.”

“वहिनीला काय सांगितलंस?”

“छापखान्यात जादा काम आहे म्हटलं.” त्याने समुद्राकडे पाहिलं. “तुझी थाप उघडी पडू नये म्हणून.”

म्हणजे रात्रीही आईपाशी वहिनीच होती. एकटी.

तिने फोन लावला. दादाने नको म्हणून हात केला, पण पलीकडून वहिनीचा आवाज आलाच होता.

“वहिनी, मी प्रशिक्षणाला नाही गेले. समुद्रावर आले होते. नुसतीच. आणि दादाही इथेच आहे, माझ्यामुळे. त्याला इथल्या बाईंनी घाबरवलं.”

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. आई कण्हत होती. वहिनी तिला “आले हं” म्हणाली.

“वहिनी, बोल ना काहीतरी.”

“पाण्यात गेलीस का?”

“नाही.”

“मग एवढं लांब जाऊन केलंस काय?” ती रागावली आहे की दमली आहे, ते आवाजावरून कळत नव्हतं. “जा आधी पाण्यात.” मग हळू आवाजात ती म्हणाली, “मला सांगायचंस गं. मलाही जावंसं वाटतं कुठेतरी. ठेवते, आईंची कूस बदलायचीय.”

फोन बंद झाल्यावरही तिने तो कानाशी तसाच धरून ठेवला.

“काय म्हणाली?” दादाने विचारलं.

“पाण्यात जा म्हणाली.”

दादाने मान खाली घातली. एक मोठी लाट फुटून फेस त्यांच्या पायांपर्यंत आला, आणि दोघंही एकदमच मागे सरकली.