लांडग्याला दहा दिवस नाहीत

आल्मा हारामियो आमच्या गावच्या शाळेची बस चालवायची. अकरा वर्षं दर सप्टेंबरात चौथीची पोरं घेऊन ती आमच्याकडे डोंगरावर आली. माझं भाषण तिला तोंडपाठ होतं. "आता मार्लिसबाई सांगतील, लांडगा म्हणजे मोठा कुत्रा नव्हे," असं ती मागून पोरांना कुजबुजायची, आणि मी नेमकं तेच म्हणायचे. पोरं खिदळायची.

मी आणि माझा नवरा ऑरिन, आम्ही कोलोरॅडोत लांडगे सांभाळतो, तेव्हा एकोणीस होते. त्यातला एकही रानातून आणलेला नाही. कुणीतरी हौसेनं पिल्लू विकत घेतं. दीड वर्षात ते सोफा फाडतं, शेजाऱ्याची शेळी मारतं. मग साखळी, मग तळघर, आणि शेवटी आम्हाला फोन. असा लांडगा रानात जगत नाही आणि घरात मावत नाही. आम्ही त्याला तारेच्या आवारात ठेवतो आणि पोरांना दाखवतो, म्हणजे मोठेपणी ती तरी पिल्लू विकत घेणार नाहीत.

बार्लो त्यातलाच. सहा वर्षं एका गॅरेजात चार फुटी साखळीवर काढलेली. साखळी मानेत रुतली होती, तिथे पुन्हा केस उगवलेच नाहीत. पट्ट्याच्या बकलाचा आवाज आला की तो लघवी करायचा. ऑरिननं त्याच्यासाठी कमरेचा पट्टा सोडला आणि विजार धरायला खांद्यावरून गॅलिस लावायला लागला. "चाळीस वर्षांत बायकोसाठी कपडे बदलले नाहीत, लांडग्यासाठी बदलले," असं लोकांना सांगायचा. बार्लो तारेजवळ यायचा तो दोघींसाठीच, माझ्यासाठी आणि आल्मासाठी.

यंदाच्या सहलीच्या दिवशी पोरं टेबलांवर डबे खात होती. आल्मा तारेपाशी उभी होती. बार्लोच्या उघड्या मानेत गोखरू रुतलं होतं आणि तो मान तारेवर घासत होता. तिला बघवेना. तारेतून बोटं घालू नयेत हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. तरी तिनं दोन बोटं आत घातली आणि गोखरू ओढलं. त्याला कळ आली, त्यानं मान झटक्यात वळवली, दात लागला. नखाएवढी जखम. तिनं बसमधली पट्टी बांधली आणि कुणाला काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी बोट सुजलं, म्हणून ती दवाखान्यात गेली. नर्सनं विचारलं, काय चावलं? आल्मानं खरं ते सांगितलं, आणि असा चावा दवाखान्याला जिल्ह्याला कळवावाच लागतो. "मला वाटलं, गोळ्या देतील आणि संपेल," ती मला फोनवर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्वेन प्रुएट फाटकात उभा राहिला. तो जिल्ह्याचा प्राण्यांचा अधिकारी. त्याच्या दोन्ही मुली आमच्याकडे येऊन गेलेल्या. टोपी हातात धरून तो म्हणाला, "कुत्रा असता तर दहा दिवस कोंडून नजर ठेवली असती. पिसाळला नाही तर सोडून दिला असता."

"मग ठेवा दहा दिवस. वीस ठेवा. दरवर्षी मी त्याला लस देते."

"ती लस कुत्र्यांची, मार्लिस. लांडग्याला ती लागू पडते असं सरकारी कागदावर कुणी लिहिलेलं नाही. कागदावर नाही म्हणजे टोचलीच नाही."

"मग काय करायचं?"

त्यानं बार्लोच्या आवाराकडे पाहिलं. "तपासणी मेंदूची असते," एवढंच म्हणाला.

दोन दिवस मी फोन करत होते. वकील, राज्याचं पशुवैद्यक कार्यालय, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे. सगळे नीट बोलले, सगळ्यांना वाईट वाटलं. आल्मानं त्याच कार्यालयात फोन करून सांगितलं, "मी सगळी इंजेक्शनं घेतेय ना? मग त्याला कशाला मारता?" पलीकडची बाई म्हणाली, "ताई, तो निर्णय तुमच्या हातात नाही. आमच्याही नाही."

ऑरिननं ट्रेलर गाडीला जोडला. "वायोमिंगला माझा चुलतभाऊ आहे. आत्ता निघतो."

"आणि उद्या ते परवाना काढून घेतील. मग उरलेले अठरा कुठे नेशील?"

तो ट्रेलरच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. मग त्यानं जोडणी सोडवली. तेवढं करायला त्याला फार वेळ लागला.

शुक्रवारी आमची जनावरांची डॉक्टर इल्से आली. ड्वेननं फाटकाबाहेरच स्वतःचा पट्टा काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवला, मगच आत आला. मी हाक मारली नसती तर बार्लो जवळ आला नसता. मग तो दमेपर्यंत त्यांना त्याचा पाठलाग करावा लागला असता. म्हणून मी हाक मारली. तो आला, माझ्या मांडीला खांदा घासून उभा राहिला. इल्सेनं सुई टोचली तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्याला म्हणाले, काही नाही रे, काही नाही.

पाचव्या दिवशी ड्वेनचा फोन आला. "नव्हता पिसाळलेला."

"मला माहीत होतं."

"मलाही," तो म्हणाला.

आल्मानं आमच्याकडे येणारी बस चालवणं सोडलं. मी तिच्या घरी गेले. तिनं हिरव्या मिरचीचा रस्सा गरम केला, दोघींनीही खाल्ला नाही. "मला शिव्या तरी दे," ती म्हणाली.

मला देता आल्या नाहीत. राग तर खूप होता, पण तो ठेवायला जागा सापडत नव्हती. तिच्यावर ठेवता येईना, ड्वेनवर येईना. कायदा म्हणावा तर तोही कधीतरी कुणी पिसाळून मेल्यावरच झाला असणार. मी तिचं बोट पाहिलं. जखम भरत आली होती.

ऑरिननं आता तारेपासून चार फुटांवर लाकडी कठडा घातलाय. कुणाचाच हात पोचत नाही, माझाही नाही. ऑक्टोबरात दुसऱ्या शाळेची पोरं आली. एका मुलीनं विचारलं, तुमचा लांडगा कधी कुणाला चावलाय का? मी सगळं सांगितलं, काहीही न वगळता. मुलगी विचार करून म्हणाली, "मग तुम्ही काही का नाही केलंत?"

त्यांच्या शाळेच्या बाईंनी तिला गप्प केलं. मी म्हटलं, "राहू दे, विचारू दे." मग तिला म्हणाले, "केलं ना. त्याला जवळ बोलावलं ते मीच."