सरासरी कस्तुराबाई

भूमच्या धर्मादाय दवाखान्यात श्रीनाथला सगळे ‘कॉम्प्युटरवाले सर’ म्हणत. म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला, पंखा कुरकुरला किंवा नळाला पाणी येईना, की त्यालाच हाक. त्याचं खरं काम डेटा वेअरहाउसचं. तुळजापूर, परंडा आणि भूम अशा तिन्ही शाखांच्या रुग्णांच्या नोंदी रोज एका कोठारात येऊन पडत. त्या आणून टाकणारं सॉफ्टवेअर आपलं आपण चालतंय ना, एवढं त्यानं बघायचं.

शनिवारी संचालक दिग्विजयसरांनी त्याला बोलावलं. त्या सॉफ्टवेअरला नवं अ‍ॅड-ऑन बसवायचं होतं. एकाच माणसाच्या दोन-तीन नोंदी झालेल्या असतात, त्या हुडकून अ‍ॅड-ऑन त्यांची एक करतं. सोमवारपासून वॉर्डातला रोजचा कागदही तिथूनच छापायचा होता.

“बुधवारी पाहुणे येणारेत,” सर म्हणाले. “एका माणसाची एकच नोंद दिसली पाहिजे.”

“सर, आधी चाचणी घेऊन…”

“पाहुण्यांसमोरच घेऊ की चाचणी.”

अ‍ॅड-ऑन अकरा मिनिटांत बसलं. त्यात ‘मी सर्व अटी वाचल्या आहेत’ हे खोटं बोलण्याचा वेळही आला. मग अ‍ॅड-ऑननं विचारलं, एकच माणूस कसा ओळखायचा? उत्तरही त्यानंच आधी निवडून ठेवलं होतं: नाव, आडनाव, जन्मतारीख. मधल्या नावाला जागाच नव्हती. ज्यांनी ते बनवलं, त्यांच्याकडं बाईच्या नावात नवऱ्याला मधोमध उभं करायची रीत नसावी.

जन्मतारखेपाशी श्रीनाथचा हात थांबला. जिल्ह्यातली निम्मी जुनी माणसं एक जूनला जन्मलेली. शाळेत घालताना मास्तर विचारायचे, कधीचा जन्म? बाप म्हणायचा, टोळधाड आली त्या सालचा. मास्तर मुकाट एक जून लिहायचे. शाळेचं तोंडही न बघितलेल्या बायकांना पुढं कुठल्या ना कुठल्या कारकुनानं तीच तारीख देऊन टाकली. खुद्द श्रीनाथ पोळ्याच्या दिवशी जन्मला होता आणि कागदावर एक जूनला.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. पण ओळखायची ती खूण बदलायची तर दोन दिवस जाणार होते आणि पाहुणे बुधवारी होते. त्यानं ‘पुढे’ दाबलं.

दुसरा प्रश्न आला: दोन नोंदींतले आकडे वेगळे असले तर? इथं ‘सरासरी’ निवडलेलं होतं. ‘पुढे’.

संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस हजार रुग्णांचे सव्वीस हजार झाले. दिग्विजयसरांनी पाठ थोपटली. “एका दुपारीत एवढं आजारपण कुणी कमी केलं नव्हतं.”

जाता जाता श्रीनाथ डायलिसिसच्या खोलीत गेला. तिन्ही शाखांच्या रुग्णांचं डायलिसिस इथंच व्हायचं आणि पाशामियाँ अकरा वर्षं मशीन चालवत होते. प्रत्येक रुग्णाचं एक ठरलेलं वजन असतं. काट्यावर त्याहून जेवढं जास्त भरेल, तेवढं पाणी अंगातून काढायचं. ती वजनं पाशामियाँच्या वहीत असत.

“चाचा, वही बंद. आता छापील कागद.”

“वही बिचारी चावली का कुणाला?” पाशामियाँ म्हणाले. पण वही दिली. सोमवारी त्यांची सुट्टी होती.

मंगळवारी कस्तुराबाई गाढवे काट्यावर उभ्या राहिल्या. पंचावन्न किलो. पाशामियाँनी कागद बघितला आणि श्रीनाथला फोन लावला.

“साहेब, ही बाई त्रेपन्नची हाय. दोन लिटर निघतं हिचं. कागद एकावन्न म्हणतोय, म्हंजे चार.”

श्रीनाथ पाहुण्यांसाठी तक्ते रंगवत होता. “डॉक्टरांनी बदललं असंल.”

“डाक्टर शुक्रवारपास्नं मेव्हणीच्या लग्नात हायेत.”

“मग गुरुवारी बदललं असंल. कागदाचं ऐका, चाचा.”

पाशामियाँनी कागदाचं ऐकलं. तिसऱ्या तासाला कस्तुराबाई शेजारच्या खाटेवरच्या बाईला सुनेची एक गोष्ट सांगत होत्या, ती अर्ध्यात थांबली. रक्तदाब लागेना. सलाईन झालं, छाती दाबून झाली. एक वाजून दहा मिनिटांनी त्या गेल्या. शेजारची बाई पडद्याआडून दोनदा विचारत राहिली, “मग सून काय म्हणली?”

श्रीनाथनं नोंद उघडली. एका नावाखाली दोन जुन्या नोंदी होत्या. एक भूमची, वजन त्रेपन्न. एक परंड्याकडली, एकोणपन्नास. भागिले दोन. एकावन्न किलोची, दोन नवऱ्यांची अशी एक तिसरीच कस्तुराबाई अ‍ॅड-ऑननं जन्माला घातली होती. तीही एक जूनला.

“हृदयविकार लिहा,” दिग्विजयसर म्हणाले. “वय झालं होतं.”

“सर, अ‍ॅड-ऑनमुळं…”

“अ‍ॅड-ऑननं कधी माणूस मरतं का? उद्या पाहुणे आहेत.”

श्रीनाथ परत नोंदीकडं वळला. परंड्याकडल्या कस्तुराबाई सोमवारी येऊन गेल्या होत्या. वजन एकावन्न, ठरलेलं एकावन्न, काढायचं पाणी शून्य. बदलीवरच्या माणसानं चार तास मशीनला जोडून बाईला दोन लिटर पाण्यासकट घरी पाठवलं होतं. पुढची पाळी गुरुवारी. तोवर ते पाणी फुफ्फुसात चढणार होतं.

तो नोंदीतला नंबर फिरवतच बाहेर आला. व्हरांड्यातल्या बाकड्यावर मेलेल्या कस्तुराबाईंचे मालक बब्रुवानकाका बसले होते. त्यांचा खिसा वाजायला लागला. त्यांनी फोन काढला, लांब धरून बघितला, कानाला लावला.

“हॅलो,” ते म्हणाले. श्रीनाथला ते दोन्ही कानांनी ऐकू आलं.

दोन नोंदींतून अ‍ॅड-ऑननं नंबर एकच ठेवला होता.

श्रीनाथ त्यांच्या पायाशी उकिडवा बसला आणि सगळं सांगितलं. एक जून, त्रेपन्न, एकोणपन्नास, आणि ‘पुढे’ कुणी दाबलं तेही.

काकांनी हातातला फोन बंद करून खिशात ठेवला.

“म्हंजे कागदावर दोघींची एकच बाई केली तुमी?”

“व्हय काका. म्याच केली.”

“आवो, आमी हिला थोरली म्हणायचो, तिला धाकटी. चार वर्सं याच बाकड्यावर बसल्या दोघी, वार तर आत्ता बदलले. चहावाल्याला बी कळायचं कोण कुठली ते.” त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. “इचारायचं की एखाद्याला.”

मग त्यांनी पिशवीतून बायकोचा छोटा फोन काढला. धाकटीच्या पोराचा नंबर त्यात होता. बटणं दाबताना बोट दोनदा चुकलं. श्रीनाथनं हात पुढं केला, तर त्यांनी फोन लांब नेला.

“रणधीर? आई कशी हाय रं? … आडवं व्हता येईना? … बसून रात काढली? मंग कशाची वाट बघतूस? जीपमधी घाल आन निघ… आरं गुरुवार कशाचा, आत्ताच्या आत्ता…”

पलीकडून पोरगा काहीतरी विचारत होता. काका ऐकत राहिले. डायलिसिसच्या दाराकडं त्यांनी एकदा बघितलं.

“न्हाय, थांबावं लागणार न्हाय,” ते म्हणाले. “मशीन मोकळी हाय.”